व्हॅनिटीच्या एक्झॉस्टची खडखड

या ग्रुपवरचे अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते आहे, पण कधी साधी कमेंटही केलेली नाही. खरं सांगायचं तर निम्मे अनुभव वाचून मला हसू यायचं. मी ऑडिओ-व्हिडिओ एडिटिंग करते. आवाज आला म्हणजे तो कशाचा तरी असतो आणि शोधला की सापडतो, एवढंच मला माहीत होतं. अजूनही मी देवाला नमस्कार करते तो सवयीने. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी लिहायची सवय कमी, तेवढं सांभाळून घ्या. प्रकरण कोर्टात आहे, म्हणून काही नावं बदलली आहेत आणि काही लिहिणारच नाही.

आम्ही दिंद्रुडचे. पप्पांचं कापडाचं दुकान आहे. निवडणुकीच्या वेळी आमच्या भागातल्या एका नेत्यांना — साहेब म्हणूया — प्रचाराचे रील्स करायला कुणीतरी हवं होतं. पुरुषांच्या ताफ्यात मुलगी एकटी फिरणार म्हणून पप्पा नको म्हणत होते. पण साहेबांच्या गाडीवर स्वयंपाकाला शिवामामा होते, आईचे चुलतभाऊ. आमच्यासारखेच लिंगायत, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. ते दुकानात येऊन म्हणाले, "दाजी, माझ्या नजरंसमोर ऱ्हाईल पोरगी. काळजी कावून करता?" मग पप्पा तयार झाले.

गाडी म्हणजे पुण्याकडून सेकंडहँड आणलेलं मोटरहोम. सगळे तिला 'व्हॅनिटी' म्हणायचे. पुढे ड्रायव्हर, मग सोफा आणि टेबल — तिथे मी लॅपटॉप घेऊन बसायचे — त्यामागे मामांचा ओटा आणि शेगडी, आणि शेवटी साहेबांचा बेड. शेगडीच्या वर भिंतीत एक्झॉस्ट फॅन होता. फॅनच्या बाहेरच्या तोंडाला पत्र्याचं झाकण... फॅन चालू केला की उघडायचं, बंद केला की खाली पडायचं.

ते झाकण खडखडायचं. गाडी चालू असताना खडखडलं तर कुणाला काही वाटत नव्हतं. पण दुपारी दोन सभांच्या मध्ये गाडी कुठेतरी झाडाखाली उभी असायची, फॅन बंद, इंजिन बंद, साहेब झोपलेले — आणि नेमकं तेव्हा सुरू व्हायचं.

साहेबांच्या पुतण्याला सगळे भैय्या म्हणत. बोलायच्या आधी त्याचा हात चालायचा. मी आले त्याच दिवशी तेलगावच्या चौकात त्याने ड्रायव्हरच्या कानाखाली अशी मारली की त्या माणसाच्या हातातला चहा माझ्या ओढणीवर उडाला. चूक काय, तर गाडी उन्हात लावली. ड्रायव्हर मला 'सॉरी' म्हणाला, भैय्या नाही.

"ए शिवा, हे कावून वाजतंय बे?"

"वारं आसंल, भैय्या."

"कुठं हाय वारं? पान हालंना बाहेर."

भैय्या खाली उतरला, डिकीतली टॉमी घेतली — चाक काढताना लागते ती लोखंडी पहार — आणि बाहेरून त्या झाकणावर घातली. पुन्हा घातली. आत मामांच्या डोक्यावर जिऱ्याचा डबा पडला. खिडकीतून बघून भैय्या हसला. "फोडणी बसली की रं मामाला!" मामाही हसले. ते भैय्यासमोर नेहमीच हसायचे.

झाकण वाकलं. खडखड मात्र थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली.

माझी अडचण वेगळी होती. व्हॉइसओव्हरमध्ये तो आवाज यायचा. असा नको असलेला आवाज काढायचा तर आधी तो एकटा रेकॉर्ड करावा लागतो, म्हणून मी दोन-तीन वेळा केला. वाऱ्याने वा हादऱ्याने वाजणारी वस्तू कशीही वाजते, तिला क्रम नसतो. याला होता. आधी दोन ठोके जवळजवळ. मग थांबून एक. मग घाईघाईने बरेच, एकावर एक. मग लांब गॅप... इतका लांब की संपलं असं वाटावं. आणि मग शेवटचा. तो पत्र्यासारखा नव्हता. भरीव होता, आत काहीतरी असलेली वस्तू फुटावी तसा. त्यानंतर सगळं शांत. वेगवेगळ्या दिवशीची रेकॉर्डिंग्ज मी स्क्रीनवर एकाखाली एक लावली, तर आवाजाच्या आलेखाची रेघेला रेघ जुळत होती.

मामांना दाखवलं. ते म्हणाले, "यंत्राला त्येचा त्येचा ठेका आसतो, बाई. तुझ्या आईचा मिक्सर न्हाई का?"

एके दिवशी साहेब स्वतः उठून बाहेर आले. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "शिवा, संध्याकाळपस्तोर ह्येचं तोंड बंद कर. न्हाईतर तुझं करतो." सगळे हसले. साहेबही हसत होते, पण हात खांद्यावरून निघाला नाही, आणि मामांचा खांदा हळूहळू खाली वाकत गेला ते मी बघितलं.

मामांनी आधी सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून बघितले. शेगडीच्या धगीने त्यांचा वास सुटला. मग त्यांनी एक जुना फ्लेक्स घेतला. आमच्याकडे वाढदिवस झाला की फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर जातो, गोठ्यावर जातो, त्यावर मिरच्या वाळतात. त्यावर कोण आहे हे नंतर कुणी बघत नाही. मामांनी भाजीच्या सुरीने त्याचा तुकडा कापला, घड्या घातल्या आणि आतूनच हात घालून झाकणाच्या कडेने ठासून बसवला.

आवाज बंद झाला.

"झालं का न्हाई गार?" मामा म्हणाले. मी टाळी वाजवली. पुढचे दोन-तीन दिवस माझं काम भराभर झालं. गाडीच्या बाहेरून, खालून वर, आमच्यापैकी कुणीच बघितलं नाही.

त्या फ्लेक्सवर साहेबांचा फोटो होता. एक घडी सुटून बाहेर लोंबत होती, आणि रोजच्या फोडणीचा धूर, तेल, काजळी नेमकी तिच्यावर बसत होती. धारूरच्या बाजारात सभा चालू असताना कुणीतरी त्याचा फोटो काढला. साहेबांचे हात जोडलेले, आणि तोंड काळं. तोंडाला काळं फासणं म्हणजे आमच्याकडे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. सभा संपेपर्यंत तो प्रत्येकाच्या मोबाईलवर होता. खाली लिहिलेलं — 'घरच्यांनीच फासलं!'

साहेब दुसऱ्या गाडीने पुढे गेले. आमची गाडी धारूरच्या घाटाच्या अलीकडे एका बंद पडलेल्या खडी क्रशरजवळ वळवली. मागून भैय्याची जीप आली. दुपारचं ऊन. भैय्या आणि तीन पोरं.

"मामा, खाली या."

"भात लावलाय, भैय्या. आलो."

भैय्या आत आला आणि मानेला धरून त्यांना ओढलं. ओढताना त्याच्या बोटांत लिंगाचा दोरा सापडला आणि तुटला. मामांचे दोन्ही हात लिंग धरायला छातीवर गेले, त्यामुळे तोंड उघडं राहिलं. पहिली लाथ तोंडावर बसली.

मी उभी राहिले. भैय्या माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तुमी आतच बसा. तुमच्या कामाचं न्हाई हे." त्यांना बाहेर ढकलून त्याने दार ओढून घेतलं.

मी बसले. हे लिहायलाच हवं... बसले.

"साहेबाला काळं फासतो व्हय बे? कुणी दिलं तुला? कुणाचं खाल्लंस?" आणि मग पत्र्यापलीकडून टॉमीचे आवाज. दोन जवळजवळ. मामा ओरडले. मग थांबून एक. त्यानंतर काय येणार ते मला माहीत होतं. आणि तसंच आलं — घाईघाईने, एकावर एक. प्रत्येक ठोका पडायच्या आधी माझं अंग आकसत होतं. चुकीच्या वेळी एकदाही नाही. वर झाकण गप्प होतं.

मग थांबलं. बाहेर कुणीतरी म्हणालं, "बास, भैय्या. मरंल त्यो."

"थांब बे."

ती गॅप. ती मी स्क्रीनवर इतक्यांदा बघितली होती की ती किती लांब आहे हे मला पाठ होतं. आता एकच उरला होता, भरीव, आणि त्यानंतर काही नव्हतं.

मी शाळेत उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी होते. दार कसं उघडलं ते आठवत नाही. मामा कुशीवर पडलेले, मुठीत अजून लिंग. भैय्याने टॉमी दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेली. मी मामांच्या डोक्यावर पडले आणि डावा हात आपोआप वर गेला.

ऊस मोडल्यासारखा कडकन आवाज झाला.

"आबे, पोरगी हाय ती!" कुणीतरी किंचाळलं. "शेटची पोरगी हाय!" टॉमी खडीत पडली. जीप निघून गेली. ड्रायव्हर एवढा वेळ स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता. त्याने आणि मागे राहिलेल्या एका पोराने मामांना आत घेतलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचेपर्यंत शेगडी कुणी बंद केली नाही. गाडीभर करपलेल्या भाताचा धूर होता.

मामांचा जबडा मोडला, बरगड्या मोडल्या, एका कानाने ऐकू येणं बंद झालं. पण ते वाचले. माझ्या हातात प्लेट आहे.

तिघांपैकी एकाने सगळं मोबाईलवर शूट केलं होतं. तो व्हिडिओ गावभर फिरला, पोलिसांकडेही गेला. घरी आल्यावर मी एका हाताने तो लॅपटॉपवर घेतला, आवाज वेगळा केला आणि झाकणाच्या रेकॉर्डिंगखाली लावला. सरकवावंही लागलं नाही फारसं. दोन. एक. मग ती घाई. गॅपसुद्धा. सगळं रेघेला रेघ.

फक्त शेवटचा जुळत नाही. व्हिडिओत तो माझ्या हाताचा आहे, सुका. झाकणाच्या फाईलमध्ये तो भरीव आहे.

पुण्यातल्या एका सीनियरला मी दोन्ही फाईल्स पाठवल्या. तो म्हणाला, फाईलवर कधीकधी तारखा चुकीच्या पडतात. पण झाकणाची फाईल मी त्यालाच मारहाणीच्या आधी मेल केली होती, नॉइज कसा काढू हे विचारायला. पोलिसांना ती मी दिलेली नाही. काय सांगून देणार? योगायोग म्हणून बघितला, माझ्या डोक्याचा खेळ म्हणून बघितला. गाडी साहेबांनी विकली, त्यामुळे झाकण परत बघता आलं नाही. मला काहीही कळलेलं नाही आणि यापुढे कळेल असं वाटत नाही.

मधल्या काळात साहेबांची माणसं आमच्या दुकानात येत होती. मिटवून घ्या म्हणत. मामाही तेच म्हणायचे — "त्येंचं मीठ खाल्लंय. सोड." मला ऐकून चीड यायची, पण मोठ्या माणसाला काय बोलणार.

जबड्याच्या तारा निघाल्यावर ते घरी आले आणि म्हणाले, "ते वाजवून दाखव मला. झाकणाचं." मी शेवटच्या आधी थांबवायचं ठरवलं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं, मोबाईल चांगल्या कानाला लावला आणि पुढे जाऊ दिलं.

आवाज संपला. त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला.

"ह्यो माझा व्हता," मामा म्हणाले. "दाजीला सांग, मिटवायचं न्हाई."