काशीकाकीच्या अर्जावरच्या सह्या

अर्जाची पोच मिळाली की तिचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकायचा, ही आमच्याकडची रीत. कचेरीचा गोल शिक्का दिसला की लोक हात जोडतात, अंगठे दाखवतात आणि काम झाल्याचं समाधान मिळतं, मग काम होवो न होवो. त्या सोमवारी मीही टाकला. फक्त एकाऐवजी दोन्ही पानांचा टाकला, आणि दुसऱ्या पानावर सतरा जणांची नावं नि सह्या होत्या.

अर्ज हायवेवरच्या वडपे गावाच्या अलीकडच्या एका गोडाऊनविरुद्ध होता. आत केमिकलचे ड्रम, आणि त्यांतलं गळून आमच्या विहिरीत. जागा दौलतशेठची. ग्रुपचा ॲडमिनही दौलतशेठच. चार मिनिटांनी मी फोटो पुसला. तोवर बेचाळीस जणांनी पाहिला होता.

अर्ज करणारी काशीकाकी पंचायत समितीची माजी सदस्य. पंधरा वर्षांपूर्वी बायकांसाठी जागा निघाली म्हणून घरच्यांनी तिला ग्रामपंचायतीला उभी केली. सही तिची, कारभार नवऱ्याचा, असं ठरलेलं. पहिल्याच सभेला तिने ओढ्याचं निळं पाणी बाटलीत भरून नेलं आणि ग्रामसेवकाच्या चहाशेजारी ठेवलं. नवरा पुन्हा सभेला फिरकला नाही. पुढे पंचायत समितीतही तेच. रंगाच्या कारखान्यांचं पाणी, खाडीतला भराव, ठरावावर ठराव. बरेच पडले, तीन मंजूर झाले. मुदत संपून तीन वर्षं झाली तरी आपल्या जुन्या मतदारसंघाला ती ‘माझा गण’च म्हणते. तिचे अर्ज मी टाईप करतो, कारण मराठी टायपिंग येणारा आणि रिकामा असा गावात मीच.

सह्या घेताना तिने दारोदार एकच शब्द दिला होता, नावं कचेरीबाहेर जाणार नाहीत. निम्म्यांची पोरं त्याच गोडाऊनमध्ये ड्युटीला.

मंगळवारी सकाळी, सही करणाऱ्यांतल्या चंद्राच्या पोराला गोडाऊनच्या गेटवरून परत पाठवलं. दुपारी काकीच्या दारासमोर एक काळी गाडी येऊन थांबली, काचा वर. कोणी उतरलं नाही. दिवेलागणीला गेली, बुधवारी पुन्हा आली. मी दुकानात शिरलो की लोक फार मन लावून साबण निवडायला लागले.

फोटो मीच टाकला, हे काकीला सांगायला गेलो तर ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हाईत हाय. तुझ्याशिवाय येवढा हुशार गावात कोन हाय?”

मग तिने सतरा जणांसाठी माझ्याकडून सही मागे घेतल्याचे सतरा कागद टाईप करून घेतले. घरोघरी स्वतः गेली आणि आपला शब्द मोडला असं सांगून आली. माझं नाव घेतलं नाही. गुरुवारी नवा अर्ज दिला, तिच्या एकटीच्या नावाचा. कचेरीच्या साहेबाची गोडाऊनला पाहणी सोमवारी ठरली. नव्या अर्जाच्या दोन प्रती घेऊन ती थेट दौलतशेठच्या घरी निघाली, आणि मला बरोबर घेतलं.

दौलतशेठ झोपाळ्यावर होते. त्यांनी अर्ज सावकाश वाचला, चार घड्या घातल्या.

“वैनी, हायवेला गाड्या लई जोरात असतात. तुमी आपल्या चालत फिरता.”

काकीने पेन पुढे केलं.

“म्हनून तर आले. मना काय झालं तर कोनाला इचारायचं, ते कागदावर पायजे. पोच दे.”

दौलतशेठनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. मग काकीच्या प्रतीवर सही केली, खाली तारीखही घातली. पेन परत देताना मात्र माझ्याकडे बघितलं.

“तुजा बाप टेम्पो कोनाचा चालवतो रं?”

“तुमचाच,” मी म्हणालो.

घरी आल्यावर काकीने सोमवारी साहेबाला दाखवायची तीच प्रत काढली, स्वतःच्या सहीखाली पट्टीने एक रेघ आखली आणि बाजूला ‘साक्षीदार’ लिहिलं. सवडीने सही कर, म्हणाली.

आज रविवार. कागद माझ्यापुढेच आहे, रेघ अजून कोरी. बापाचा टेम्पो अजून घरी आलेला नाही. ती एक सही मी काकीला देणं लागतो.