अ‍ॅनीचा पहारा

सुचेताकाकू अठ्ठावीस वर्षं जपानमधल्या कावासाकीत राहिल्या. सकाळी बेंतोच्या कारखान्यात जेवणाचे डबे भरायच्या आणि दुपारी आमच्यासारख्या नव्याने आलेल्यांना कचरा वेगळा करायला शिकवायच्या, तेही असा दम देऊन की बाटलीचं झाकण काढायचं राहिलं तर स्वप्नात यायच्या. पुण्यात असताना त्या इतिहासात पीएचडी करत होत्या, हे मला कळलं ते त्या कायमच्या परत निघाल्या तेव्हा. सामान आवरताना त्यांनी तो अर्धवट प्रबंध सुतळीने बांधून सरळ रद्दीत काढला. मी चिडलेच.

विषय होता जॉन ब्राऊनचं कुटुंब. अमेरिकेतली गुलामगिरी मोडायला बंदूक उचलून तो सरकारी शस्त्रागारावर चालून गेला आणि फासावर चढला. त्या चकमकीत दोन मुलगेही गेले. काकूंनी लिहिलं होतं ते मात्र त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलीवर, अ‍ॅनीवर. हल्ल्याच्या तयारीत माणसं माळ्यावर लपलेली असताना ती खाली भांडी घासायची, ओसरीवर बसून लक्ष ठेवायची, चौकस शेजारणीला बोलण्यात गुंतवायची. ऐन हल्ल्याआधी बापाने तिला घरी धाडलं.

"आमचे गाइड म्हणायचे, बापावर लिहा, पोरीचं काय घेऊन बसलात!"

"म्हणून सोडलंत?"

"नाही गं. शेवट जमेना."

रद्दीच्या दिवशी सकाळी आम्ही गठ्ठा खाली नेला. इमारतीचे केअरटेकर मोरिता-सान वाकून बघत म्हणाले, "प्लॅस्टिक, दामे." कागदांना प्लॅस्टिकची कव्हरं होती, आणि ती रद्दीत चालत नाहीत. माझ्याकडून हा नियम घोकून घेणाऱ्या काकू स्वतःच विसरल्या होत्या! मग कट्ट्यावर बसून आम्ही एकेक पान सोडवू लागलो. काकू वाचता वाचता थांबल्या.

"आणीबाणीत आमच्या साताऱ्याच्या घरी चौघं लपले होते. मी तेरा वर्षांची. बाबांनी मला पायरीवर बसवलं. कुणी आलं की मोठ्याने पाढे म्हणायचे. शेजारच्या अनुराधामावशी रोज विरजण मागायला यायच्या. त्यांना दारातच थोपवायला मी काय काय थापा मारल्यात!" त्या हसल्या. किती वर्षांनी ती पायरी त्यांना दिसत होती कोण जाणे. "चौघंही सुखरूप निसटले. पुढे बाबांनी ती हकीकत शंभर सभांमधून सांगितली. त्यात मी कधीच नव्हते."

"विचारलं नाहीत कधी?"

"मोठा माणूस होता गं. पण एकदा म्हणायला हवं होतं त्यांनी. आता बाबाही नाहीत."

मला त्या न पाहिलेल्या भल्या माणसाचा राग आला, आणि रडूही.

काकूंनी माझ्या पर्समधून पेन घेतलं. शेवटच्या पानाखाली कोरी जागा होती. तिथे त्यांनी सावकाश लिहिलं: 'अ‍ॅनी ओसरीवर बसली होती तोवर एकही माणूस पकडला गेला नाही.'

रद्दीची गाडी आली तेव्हा गठ्ठा काकूंच्या मांडीवरच होता.