साडूला गोल्फ शिकवताना

परंड्यात गोल्फ खेळता येणारा माणूस एकच, फकरुद्दीन. आणि त्याला विचारलं तर तो म्हणायचा, "येतो म्हंजे काय, बघितलाय."

बघितला मात्र त्यानं भरपूर होता. लष्करातली त्याची बहुतेक नोकरी छावणीच्या गोल्फच्या मैदानावर गेली. साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्याला लावायची, चेंडू झुडपात गेला की शोधायचा, साहेबांनी शिवी हासडली की आपण ती ऐकलीच नाही असा चेहरा करायचा. मैदान मोकळं असलं की तोही चार चेंडू मारून बघायचा. त्यातले तीन झाडीत जायचे. खेळाडू म्हणून तो बेताचाच. पण प्रत्येक म्हातारा साहेब प्रत्येक तरुण साहेबाला जे सांगायचा ते ऐकून ऐकून त्याचं पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. डोकं खाली ठेवा. काठी सैल धरा, हातात चिमणीचं पिलू असल्यासारखी. घाई करू नका. आणि जोर लावू नका, चेंडूनं तुमचं काही वाकडं केलेलं नाही.

शेवटचा सल्ला फकरुद्दीनला चेंडूपुरता मान्य होता. ज्यांनी वाकडं केलंय त्यांच्याबाबत त्याचं मत वेगळं होतं.

वाकडं केलं होतं मुजम्मिलभाईनं. मुजम्मिलभाई म्हणजे फकरुद्दीनचा साडू, त्याच्या बायकोच्या, रुबिनाच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. कुर्डुवाडी रस्त्याला त्याचं सिमेंट आणि सळईचं मोठं दुकान. रुबिनाच्या भाच्याच्या लग्नात सगळं सासर दस्तरखानावर बसलेलं असताना मुजम्मिलभाई मोठ्यानं म्हणाला, "फकरुद्दीनभाई, साहेबांच्या काठ्या उचलायची सवय हाय तुम्हाला. जरा येवढ्या खुर्च्या उचला की!"

आणि झालं असं की फकरुद्दीननं उचलल्या. नोकरीचं अंग ते! 'उचला' म्हटलं की हात आधी पुढं जातात, डोकं मागून येतं. दोन बगलांत दोन खुर्च्या घेऊन तो मांडवाच्या मध्यापर्यंत पोचला आणि मग त्याला कळलं की आपला अपमान झालाय. तोवर सगळं सासर हसत होतं. सासूबाई हमिदाबी हसत होत्या. मेव्हणे हसत होते. आणि तोंडाला ओढणी लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत रुबिना हसत होती.

बाकीच्यांचं त्यानं पोटात घातलं असतं. रुबिनाचं हसणं मात्र घशात हाड अडकावं तसं अडकलं. त्या रात्री त्यानं ठरवलं की एक दिवस ह्याच सगळ्यांसमोर हा मुजम्मिल असाच उघडा पडेल, आणि ते बघून रुबिना असंच, ओढणी तोंडाला लावून, पोट धरून हसेल. त्याशिवाय आपण काही मरत नाही.

दिवस चालून आला तो महालिंगप्पा साहेबांच्या पायानं. हे सिमेंट कंपनीचे सोलापूरचे मोठे साहेब. त्यांना गोल्फचं भारी वेड. जिल्ह्याची मोठी एजन्सी कुणाला द्यायची हे त्यांच्या हातात. मुजम्मिलभाईनं काय करावं? गोदामामागच्या पडीक रानात त्यानं गोल्फचं मैदानच काढायला घेतलं! पुण्याहून जुन्या काठ्यांचा संच आणला, शिंप्याकडून लाल झेंडे शिवून घेतले, आणि एका सकाळी फकरुद्दीनच्या दारात येऊन उभा राहिला.

"फकरुद्दीनभाई, आता तुमच्याबिगर कोन हाय मला?"

"या की," फकरुद्दीन म्हणाला. आतून त्याला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली.

मैदानाचं काम त्यानं मन लावून केलं. त्यात त्यानं बेइमानी केली नाही. जागा सजवल्याशिवाय तमाशा कसा रंगणार? उन्हाळ्यात त्या रानात हिरवळ धरणं शक्यच नव्हतं. पण छावणीतही पाण्याचे वांधे असायचे, तेव्हा वाळूत गाडीचं जुनं ऑइल कालवून ती चोपून बसवायचे आणि भोकाभोवती तिचाच गोल गालिचा करायचे. फकरुद्दीननं तसंच केलं, शिवाय पहिला फटका मारायच्या जागेवरही तीच वाळू पसरली. भोकात वनस्पती तुपाचा डबा पुरला. हमिदाबी बघून म्हणाल्या, "दामाद, कबर खोदायलाव का काय?"

"व्हय अम्मा," फकरुद्दीन म्हणाला, "तसंच काहीतरी."

मग शिकवणी सुरू झाली. फकरुद्दीनचा बेत सरळ होता : म्हातारे साहेब जे सांगायचे त्याच्या बरोबर उलटं सांगायचं.

"मुजम्मिलभाई, काठी कुऱ्हाडीसारखी आवळून धरा. मारतानाच मान वर करून बघा, चेंडू कुठं जायलाय ते. आणि अंगात असंल नसंल तेवढा जोर लावा!"

मुजम्मिलभाईनं डोळे बारीक करून त्याच्याकडं बघितलं. मग काठी सैल धरली, मान खाली घातली आणि हळूच, लोण्यातून सुरी फिरवावी तशी फिरवली. टक् आवाज झाला. चेंडू गोदामाच्या पत्र्यावरून पार बाभळीपलीकडं गेला.

फकरुद्दीनचा जबडा खाली आला तो बराच वेळ वर गेला नाही. इतका देखणा फटका त्याला स्वतःला उभ्या जन्मात बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. फकरुद्दीन जितकं वाईट शिकवी तितका मुजम्मिलभाई चांगला खेळे. फकरुद्दीनचं जेवण तुटलं. रुबिना विचारायची, "तब्येत बरी न्हाय का?" तो म्हणायचा, "साडूची लई बरी हाय."

उलगडा आठवडी बाजारात झाला. मुजम्मिलभाई टरबूजवाल्यापुढं उकिडवा बसला होता. टरबूजवाला म्हणाला, "शेठ, हे घ्या, साखर हाय." मुजम्मिलभाईनं ते बाजूला सारलं. टरबूजवाला म्हणाला, "ते नका घेऊ, कच्चं निघंल." मुजम्मिलभाईनं तेच पिशवीत टाकलं.

फकरुद्दीन जागच्या जागी उभा राहिला. हे तर सगळ्या परंड्याला माहीत होतं! मुजम्मिलभाई जन्माचा व्यापारी. समोरचा सांगतो म्हणजे त्यात त्याचा काहीतरी फायदा आहे, तेव्हा उलटं करावं, ह्या एका तत्त्वावर त्यानं दुकान उभं केलं होतं. डॉक्टरनं चालायला सांगितलं तेव्हा त्यानं मोटार घेतली होती. कंडक्टर 'पुढं सरका' म्हणाला की हा मागं सरकायचा. असल्या माणसाला वाईट सल्ला देऊन बुडवायचं म्हणजे त्याला हाताला धरून काठावर आणून सोडणं!

फकरुद्दीनला त्या भर बाजारात हसू फुटलं. म्हणजे ह्याला बुडवायला खोटं बोलायचीही गरज नाही. खरं बोलायचं. मोठ्यानं बोलायचं. चार लोकांत बोलायचं.

पण घाई त्यानं केली नाही. साहेब येईपर्यंत तो रोज इमानानं वाईटच शिकवत राहिला. मुजम्मिलभाईचा खेळ बहरला आणि जीभ त्याहून बहरली. "खेळ बघायला समद्यांनी यायचं," त्यानं सासरच्या घराघरांत निरोप धाडला. "गोल्फ काय लई अवघड न्हाय. आमचे फकरुद्दीनभाई उगंच त्याचा बाऊ करायचे."

"सांगा सांगा," फकरुद्दीन मनात म्हणाला. "कुनी सुटायला नको."

कुणी सुटलं नाही. त्या रविवारी गोदामामागं शामियाना पडला. हमिदाबी पान लावून पहिल्या रांगेत, मेव्हणे-भावजया मागं, हमाल भिंतीवर. पांढरी टोपी घातलेले महालिंगप्पा साहेब मैदान बघून खूश झाले. वाळूचा गालिचा बुटानं दाबून म्हणाले, "वा शेठ, हे कुणी केलं?"

"आमीच," मुजम्मिलभाई म्हणाला.

फकरुद्दीननं हेही मनातल्या खात्यावर चढवलं.

साहेबांचा फटका सरळ गेला. टाळ्या पडल्या. मग मुजम्मिलभाई पुढं झाला, पाय रोवून उभा राहिला. आणि तेवढ्यात फकरुद्दीन शामियान्यातून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मुजम्मिलभाई! डोकं खाली ठेवा. काठी सैल. घाई न्हाय, जोर न्हाय!"

मुजम्मिलभाई थबकला. त्याच्या कपाळावरच्या आठ्यांत काय चाललंय ते फकरुद्दीनला छापील अक्षरासारखं वाचता येत होतं. इतके दिवस हा एक सांगत होता, आज साहेबांसमोर दुसरंच सांगतो. का? साडू आपला, जळणार आपल्यावर. म्हणजे नक्की बुडवायला निघालाय!

मुजम्मिलभाईनं काठी कुऱ्हाडीसारखी आवळली, मान वर केली आणि सगळा देह झोकून दिला. चेंडू जागेवरच राहिला. मुजम्मिलभाई मात्र स्वतःभोवती फिरून त्या ऑइलच्या वाळूत बसला.

"डोकं खाली, भाई!" फकरुद्दीन कळवळून ओरडला. "सैल धरा!"

दुसऱ्या फटक्याला चेंडू आडवा सुटला आणि साहेबांच्या गाडीखाली गेला. तिसऱ्याला चेंडूऐवजी काठी उडाली. भिंतीवरचे हमाल पटापट खाली उतरले. शेवटी साहेबच म्हणाले, "अहो शेठ, तुमचे साडू इतकं मोलाचं सांगायलेत, ऐका की जरा!"

"हे सांगतेत ते ऐकायचं?" पांढऱ्या पायजम्याला मागून काळं ऑइल लागलेला मुजम्मिलभाई तडकला. "जन्मात न्हाय!"

आणि शामियाना फुटला. मेव्हणे एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होते. हमिदाबींच्या तोंडातलं पान बाहेर आलं. साहेबांनी फकरुद्दीनला शेजारी बोलावून बसवलं, छावणीच्या गोष्टी विचारल्या. फकरुद्दीननं नम्रपणे मान डोलावत शामियान्यावरून नजर फिरवली. ती नजर रुबिनाची ओढणी शोधत होती.

रुबिना नव्हती.

आचाऱ्यानं ऐनवेळी दगा दिला म्हणून सकाळपासून ती गोदामाच्या पलीकडच्या अंगाला बिर्याणीच्या देगेपाशी बसली होती. हात पुसत ती आली तेव्हा हसून थकलेली माणसं डोळे पुसत होती.

"काय झालं? का हसायलेत समदी?"

"अगं, मुजम्मिल! तो असा फिरला, आणि बसला ना खाली!" फकरुद्दीन हातवारे करून सांगू लागला.

"लागलं का त्यांला?"

"लागलं न्हाय गं. चेंडू गाडीखाली गेला! साहेबांच्या!"

"मग काढला का?" रुबिना म्हणाली आणि झाकण बघायला परत गेली.

त्या रात्री फकरुद्दीनला झोप आली नाही. सगळ्या परंड्यानं बघितलं आणि जिच्यासाठी घाट घातला ती तांदूळ मोजत होती! हा सूड हिशोबात धरायचाच नाही, असं त्यानं पहाटे ठरवलं.

चार दिवसांनी मुजम्मिलभाई दारात आला. साहेब त्या दिवशी इतके हसले होते की दिवाळीनंतर परत येतो म्हणाले होते. "एजन्सीचं तवाच बघू म्हनले. शिकवाल का परत?"

"शिकवतो की," फकरुद्दीन म्हणाला. "एकच अट हाय. त्या दिवशी रुबिनानं चुलीपाशी बसायचं न्हाय. चांगला आचारी बोलवा. तिला पहिल्या रांगेत खुर्ची पाहिजे."

मुजम्मिलभाईनं नेहमीसारखे डोळे बारीक केले. ह्यात समोरच्याचा काय फायदा, ते त्याला कुठूनही सापडेना. शेवटी त्याचा आवाजच बदलला. "फकरुद्दीनभाई, बायकोची इतकी काळजी करनारा मानूस म्या बघितला न्हाय."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सासरभर झाली. हमिदाबींनी फोन करून दुवा दिली. रात्री रुबिनानं खिम्यात त्याच्या आवडीची मेथी घातली, ताटाजवळ बसली, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच त्याला वारा घालत म्हणाली, "म्या दमते ते तुमच्या ध्यानात येतं, मला म्हैतच नव्हतं."

फकरुद्दीननं ताटातून डोकं वर काढलं नाही.

"पहिल्या रांगेत बस," तो एवढंच म्हणाला. "आणि ओढणी चांगली मोठी घेऊन ये."