जड टोक त्याच्याकडे

तो बोटाने काही दाखवत नसे, ओठांनी दाखवायचा. पाना कुठे आहे असं विचारलं की ओठांचा चंबू करायचा, हनुवटी जरा उचलायचा आणि चंबू जिकडे वळेल तिकडे पाना सापडायचा. फिलिपिनो माणसांबरोबर काम केलेल्यांना यात काही नवल वाटणार नाही. मला मात्र कोणी सांगून ठेवलं नव्हतं. सौदीतल्या जिझानच्या बंदरात टगबोटींच्या वर्कशॉपमध्ये मी स्टोअरकीपर म्हणून लागलो, त्या पहिल्याच दिवशी याला विचारलं की ऑइल फिल्टरची पेटी कुठे ठेवलीस. धड ओळख नसलेल्या त्या चाळिशीतल्या मेकॅनिकने माझ्याकडे बघून ओठांचा चंबू केला. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी आमचे फोरमन अन्वरभाई, म्हणजे श्रीवर्धनचे, पोट धरून हसले. म्हणाले, "अरे, तो तुला कपाट दाखवत होता."

पुढे ओळख झाल्यावर मी त्याला या सवयीचं कारण विचारलं. त्याचे वडील मच्छीमार. दोन्ही हातांत जाळं, मग मुलांना मासा कुठे आहे ते दाखवणार कशाने? तोंडाने. मला हे एकदम पटलं, कारण माझे अब्बाही हर्णैला होडीवरच होते आणि हात अडकलेले असले की तेही मानेनेच सगळं सांगायचे.

त्याचं नाव इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, चार शब्दांचं होतं, पण आम्ही सगळे त्याला कबायन म्हणायचो. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ आपल्या देशातला माणूस. म्हणजे तो आमचा मुळीच कबायन नव्हता, पण अकरा वर्षं आम्ही तेच म्हणत राहिलो आणि तोही ओ देत राहिला. मला तो 'बॉस स्टोअर' म्हणायचा. बुटका, केस तेल लावून चापून बसवलेले, घामासाठी शर्टाच्या आत पाठीवर पसरलेला छोटा टॉवेल. इंजिन बिघडलं की हत्यारांची पेटी उघडण्याआधी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. तीन नंबरच्या टगचं जुनं इंजिन इन्स्पेक्टरने 'खलास' म्हणून निकालात काढलं होतं. याने तसंच ऐकलं आणि म्हणाला, "नॉट खलास. ओन्ली टायर्ड." ते इंजिन त्यानंतर नऊ वर्षं चाललं आणि अजून चालतंय.

आमची खरी दोस्ती झाली ती सुक्या बांगड्यावरून. जिझानच्या बाजारात ताजा बांगडा मुबलक, पण सुका आपल्या हातचाच लागतो. मी कॅम्पवर खोलीमागच्या एसीच्या बाहेरच्या डब्यासमोर, जिथून गरम वारा येतो तिथे, मीठ लावून बांगडे टांगले. पाहतो तर शेजारच्या डब्यासमोर त्याचेही टांगलेले. कॅम्पबॉस वासाने हैराण होऊन आला, तेव्हा आम्ही दोघांनी ओठांनी एकमेकांकडे दाखवलं. तो बांगडा व्हिनेगरमध्ये बुडवून खायचा, मी तिखट आणि कोकम लावून. एकमेकांची चव आम्हाला शेवटपर्यंत आवडली नाही, तरी पहिला तुकडा शेजारच्या ताटात जायचाच.

पण त्याची मुख्य खूण वेगळीच होती. काही उचलायचं असलं की तो मदत मागायला जराही लाजत नसे. पंप असो, पाइप असो, सरळ हाक मारायचा, "हेल्प, हेल्प." आपण धावत गेलो की मात्र वस्तूला एक फेरी मारायचा, कुठली बाजू जड आहे ते बघायचा आणि तिथे जाऊन उभा राहायचा. "हेवी साइड, माय साइड." कोणी जड बाजूला आधीच हात घातला असेल तर त्याला खांद्याने हळूच बाजूला सारायचा. अंगापिंडाने माझ्या निम्मा, पण अकरा वर्षांत मला त्याच्याबरोबर जड टोक कधी धरायला मिळालं नाही. खोटं कशाला बोलू, मी फार आग्रहही केला नाही.

आता त्याच्या काळजीचं सांगतो. त्याच्या गावासमोर, दूर समुद्रात, खडकाची एक उथळ जागा आहे. भरतीला बहुतेक पाण्याखालीच असते. आजोबा, वडील आणि आता धाकटा भाऊ, सगळे तिथेच मासे मारत आले. त्याचा देश म्हणतो ती जागा आमची, शेजारचा मोठा देश म्हणतो आमची. त्या शेजाऱ्याचं नाव तो घेत नसे. 'बिग नेबर' म्हणायचा, तेही आवाज न चढवता. गेली काही वर्षं तिथे मोठी पांढरी जहाजं उभी राहू लागली आणि छोट्या होड्यांना परत पाठवू लागली. एकदा भावाच्या होडीवर पाण्याचे फवारे मारले. त्यांच्या होड्यांना तोल सांभाळायला दोन्ही बाजूंनी बांबूच्या उलांड्या असतात, त्यातली एक मोडली. भाऊ एका उलांडीवर, डब्याने पाणी उपसत घरी आला. पुढचे चार महिने तो तिकडे गेला नाही. किनाऱ्याजवळ जे मिळेल त्यावर घर चाललं.

त्याच सुमारास मेसच्या टीव्हीवर बातमी आली की त्याच्या देशाने मित्रदेशांकडे गस्तीच्या बोटी मागितल्या आहेत. कोणी मंत्री कोणाशी हात मिळवत होते. अन्वरभाईंची जीभ तिखट, मन वाईट नाही. पण आमच्यात राहून त्याला हिंदी कळायला लागली होती, म्हणून त्यांनी मुद्दाम हिंदीत म्हटलं, "खुद का दर्या संभालता नहीं और चले दर-दर माँगने. माँगी हुई बोट पे कैसी इज्जत?"

टेबलावरचे सगळे हसले. हसणाऱ्यांत मीही होतो, हे सांगितलेलं बरं.  त्याने ताट धुतलं आणि तो गेला.

मला नंतर आमचं गाव आठवलं. हर्णैला आमच्या समोरच्या पाण्यात बाहेरच्या मोठ्या बोटी येतात, दिवे लावून मासळीचे थवेच्या थवे उपसून नेतात आणि आमची माणसं या ऑफिसातून त्या ऑफिसात अर्ज घेऊन फिरतात. चुलतभावाने सहीसाठी तसा एक अर्ज मला फोनवर पाठवला होता. मी तो उघडूनही पाहिला नव्हता. आणि ज्याला आपल्या समुद्राची चाड होती त्याला मी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोर्कलिफ्ट बंद होती आणि एक पंप मोटारीसकट धक्क्यावरून वर्कशॉपमध्ये आणायचा होता. त्याने आम्हा कोणालाही नाही, नेमकी अन्वरभाईंनाच हाक मारली. "फोरमन, प्लीज, हेल्प." अन्वरभाई आले. हा नेहमीप्रमाणे मोटारीच्या बाजूला उभा राहिला. दोघांनी पंप उचलला, अर्धी वाट आले आणि याने खुणेने पंप खाली ठेवायला लावला. टॉवेलने तोंड पुसलं.

"फोरमन, आय आस्क यू हेल्प. आय बेगर?"

अन्वरभाई गोंधळले. म्हणाले, "नो, नो."

"हेवी साइड, हू?"

"यू."

"ओके. यल्ला," असं म्हणून त्याने पुन्हा हात घातला आणि पंप आत गेला.

एवढाच वाद.  संध्याकाळी अन्वरभाईंनी चहा दोन कप करून आणला आणि एक त्याच्यासमोर ठेवला.

तेव्हा त्याने आम्हाला त्यांच्या गावची रीत सांगितली. पूर्वी तिकडची घरं बांबूची, झावळ्यांची. घर दुसऱ्या जागी न्यायचं झालं तर मोडत नसत. खालून लांब बांबू घालायचे आणि सगळ्या गावाने मिळून अख्खं घर खांद्यावर उचलायचं. गावाला बोलवायला कोणाला कमीपणा वाटत नसे, घर सुटं करण्यापेक्षा ते सोपं. पण त्याच्या वडिलांचा एक नियम होता. उतारावर सगळा भार पुढच्या कोपऱ्यावर येतो, तो कोपरा घरधन्याचा. गावातली वीस माणसं येतील, पण तुम्ही स्वतः सावलीत उभं राहून 'सांभाळून' म्हणालात तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही. 

मग वर्षभरात ती बोट आली. एका मित्रदेशाने वापरून झालेली गस्तीची बोट त्याच्या देशाला दिली. ती सांभाळण्याचं काम त्याच्या गावाजवळच्या एका लहान खासगी गोदीला मिळालं. बोट मिळाली खरी, पण इंजिन चालेना. गोदीतली पोरं नव्या इंजिनांवर शिकलेली. भावाने फोनवर इंजिनाचा फोटो पाठवला. याने तो मला स्टोअरमध्ये येऊन दाखवला आणि दाराबाहेर, धक्क्याकडे ओठ केले. तिथे तीन नंबरची टग उभी होती. तेच इंजिन.

बोट चालली नसती तर भावाच्या मागे त्या पाण्यात उभं राहायला कोणी नव्हतं. आणि चालवायचं तर हा हवा. इकडे मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष, गोदीचा पगार इथल्या निम्म्याहून कमी. इथे कंपनी त्याला पगार वाढवून ठेवून घ्यायला तयार होती. बायको आधी दोन दिवस फोनवर बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, तुझी हत्यारं ठेवायला कुठली खोली रिकामी करू? हे मला सांगितलं आणि त्याने राजीनामा लिहिला.

फायनल एक्झिटचे, म्हणजे कायमचं परत जाण्याचे, कागद झाले आणि तो माझ्या काउंटरवर आला. मदत मागायला, नेहमीसारखा, न लाजता. त्याला तीन नंबरच्या इंजिनाचं मॅन्युअल हवं होतं. साडेचारशे पानांचं, ग्रीसने काळं झालेलं, प्रत्येक पानावर त्याच्या पेन्सिलीच्या दुरुस्त्या. कुठला बोल्ट किती आवळला की तुटतो, कुठल्या भागाला दुसऱ्या कुठल्या इंजिनाचा भाग चालतो, हे छापील पुस्तकात नसतं. तो म्हणाला फोटो काढू दे. आता स्टोअरकीपर म्हणजे स्वतःच्या बापालाही सहीशिवाय वॉशर न देणारा माणूस. मी मॅनेजरकडे गेलो. आमचे मॅनेजर सौदी, जिझानसमोरच्या फरसान बेटावरचे, त्यांच्याही घरात मासेमारीच. त्यांनी मॅन्युअल चाळलं, पेन्सिलीची अक्षरं बघितली आणि म्हणाले, "हे पुस्तक त्याचंच आहे. त्याला मूळ दे. फोटो आपल्याकडे ठेव."

तो शुक्रवार आम्ही तिघांनी स्टोअरमध्ये काढला. मी फोटो काढत होतो, अन्वरभाई पानं उलटत होते, बोट ओलं करून, एकेक. आणि तो बाजूला बसून, ज्या पेन्सिलीच्या खुणा फिक्या झाल्या होत्या त्या आमच्यासाठी पुन्हा गडद करत होता. साडेचारशे पानं. त्याच्या देशाला मदत करणाऱ्या मोठमोठ्या देशांच्या यादीत आमचं नाव कुठे येणार नाही. पण त्या दिवशी आम्ही हलकं टोक धरलं होतं, आणि मला आजवर कुठल्याच कामाचा एवढा अभिमान वाटलेला नाही.

तो गेला त्या दिवशी विमानतळावर त्याची खोकी उतरवायला आम्ही गेलो. सगळ्यात जड खोकं अन्वरभाईंनी पकडलं. याने त्यांना खांद्याने हळूच बाजूला सारलं.

नंतर पाच महिने काही कळलं नाही. मॅनेजर येता-जाता विचारायचे, इंजिन चाललं का? मी म्हणायचो, कळेल. एसीच्या डब्यासमोर फक्त माझेच बांगडे असायचे. मध्यंतरी मी चुलतभावाचा तो अर्ज शोधून काढला, सही करून पाठवला, आणि इथे हर्णै-दापोलीकडचे जेवढे आहेत त्यांच्याही सह्या फिरून गोळा केल्या.

मग एका सकाळी व्हिडिओ आला. मी आणि अन्वरभाई एक लांब पाइप उचलून आणत होतो. फोरमनचं वय झालंय, म्हणून जड टोक मी घेतलं होतं. अन्वरभाईंनी आपलं टोक एका पिंपावर टेकवलं, माझ्याजवळ येऊन माझ्या खिशातून फोन काढला आणि लावला. आधी नुसता इंजिनाचा आवाज, एकसारखा, न अडखळणारा. आम्ही दोघांनी तो ओळखला, नऊ वर्षं ऐकलेला. मग त्याचा चेहरा, उन्हाने आणखी काळा झालेला, केस तसेच चापून बसवलेले. मागे बोटीचा कठडा आणि त्यांचा झेंडा. आवाजात बोलणं ऐकू येणार नाही म्हणून तो बोललाच नाही. त्याने ओठांचा चंबू केला आणि डावीकडे वळवला.

"कुठे काय दाखवतोय?" अन्वरभाईंनी फोन माझ्यासमोर धरला.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, लांबवर, निळ्या पाण्यात एक होडी होती. दोन्ही उलांड्या शाबूत, आणि एक माणूस वाकून जाळं ओढत होता. माझे दोन्ही हात पाइपाखाली अडकलेले होते. मी अन्वरभाईंना ओठांनी दाखवलं.