मेजाजवळ येण्याआधी

प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत ताट ओळीने फिरते. अक्का ते दोन्ही हातांनी घेत, क्षणभर त्याकडे पाहत आणि तसेच माझ्याकडे देत. ताटातली भाकर त्यांनीच भाजलेली असे, द्राक्षरसासाठी मनुका त्यांनीच भिजवून उकळलेल्या असत. पण त्यांचा स्वतःचा हात ताटात कधी जात नसे. अक्का म्हणजे माझ्या दिवंगत यजमानांच्या थोरल्या भगिनी. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या घरात आम्ही दोघीच राहतो. माझे आयुष्य शाळेत शिकविण्यात गेले, त्यामुळे न समजलेल्या गोष्टीचे कारण विचारल्यावाचून मला राहवत नाही. मी विचारले, की त्या एवढेच म्हणत, "माह्यी तयारी नाई झाली अजून."

मी ते विनयाचे बोलणे समजत असे. परंतु गेल्या वर्षी अक्कांच्या हृदयाची झडप बदलण्याचे ठरले, आणि वयामुळे धोका मोठा आहे हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. शस्त्रक्रिया सोमवारी होती. आदला रविवार प्रभुभोजनाचा. कदाचित तो त्यांचा शेवटचाच असेल, हे आम्हा दोघींनाही कळत होते. पाळकसाहेब घरी आले, त्यांनी प्रार्थना केली आणि या खेपेस मेजाजवळ यावे, म्हणजे प्रभुभोजन घ्यावे, अशी विनंती केली. अक्कांनी नम्रपणे मान हलविली. नाही.

त्या नकाराने माझ्या विश्वासालाच धक्का बसला. पहाटे उठून सर्वांची नावे घेऊन प्रार्थना करणारी, कोणाविषयी वाईट न बोलणारी ही बाई जर तयार नसेल, तर आम्ही बाकीचे कोणत्या आधारावर ताटात हात घालतो? आणि देवाची कृपा जर खरोखर कृपाच असेल, तर पात्रतेची ही अट कशासाठी? मी प्रार्थनेला बसे, पण मनात वादच चाले. शेवटी मी थोडी चिडूनच म्हटले, "अक्का, सोमवारी काही झाले तर तुम्ही उपाशीच जाणार काय?"

तेव्हा त्यांनी सांगितले. त्यांच्या आईने प्रभूच्या मेजासाठी एक पांढरी चादर स्वतःच्या हाताने भरतकाम करून तयार केली होती. आईच्या पश्चात ती अक्कांकडे राहिली. एका नाताळात धाकटी बहीण कमल ती सिंदी रेल्वे गावातल्या आपल्या मंडळीसाठी घेऊन गेली आणि परत दिली नाही. आईचा बाप्तिस्मा तिथलाच, म्हणून चादरही तिथलीच, असे तिचे म्हणणे. अक्का तिच्या घरी गेल्या आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात तिला चोर म्हणून आल्या. त्यानंतर दोघी बोलल्या नव्हत्या; मला तो अबोला ठाऊक होता, कारण नव्हे. ज्या मेजाच्या चादरीसाठी भांडल्या, त्याच मेजापासून अक्का दूर बसत आल्या होत्या.

आमच्याकडे प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी तयारीची उपासना होते. ज्याचे मन आपण दुखावले असेल त्याच्या दारी त्याआधी जाऊन यावे, अशी पूर्वापार रीत आहे. अलीकडे बहुतेक जण हे काम फोनवर उरकतात. मीही फोन पुढे केला.

"फोनवर नव्हती म्हटली मी तिले चोर," अक्का म्हणाल्या. "तोंडावर म्हटली होती."

डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून बजावले होते. ओळखीच्यांची गाडी ऐन वेळी येऊ शकली नाही. अक्का पदर खोचून दारात उभ्या होत्या, म्हणून शनिवारी सकाळी आम्ही बसने निघालो. वाटेत मी त्यांच्याकडून क्षमेचे वाक्य पाठ करून घेतले. कर्ता, कर्म, क्रियापद सगळे जागच्या जागी. त्यांनी एकदा म्हणून पाहिले आणि हसल्या. "एवढं पुस्तकी बोलली न मी, तं तिले वाटंन दुसरीच कोणी आली."

पवनारचा पूल ओलांडून थोडे पुढे गेल्यावर बस बंद पडली. मागून आलेल्या बस आधीच गच्च भरलेल्या होत्या. कडुनिंबाच्या सावलीत अक्का एका दगडावर बसल्या. त्यांचा हात छातीवर होता, ओठांचा रंग उतरला होता. मी घाबरले. परत न्यावे की पुढे, हे मला ठरविता येईना. मी डोळे मिटून एवढेच म्हणू शकले, की प्रभो, आता तूच सांग.

डोळे उघडले तेव्हा भाजीचा एक लहान टेम्पो थांबला होता. पुढे नवराबायको होते. बाई खाली उतरली आणि अक्कांकडे पाहून म्हणाली, "काऊन अशा उन्हात बसल्या, माय? कुठं जाऊन राह्यल्या?" सिंदी रेल्वे म्हटल्यावर तिने आम्हाला दोघींना पुढे बसविले आणि स्वतः मागे भाजीच्या पाट्यांमध्ये जाऊन बसली. त्यांनाही तिथेच माल द्यायचा होता.

कमलच्या गल्लीच्या तोंडाशी आम्ही उतरलो. "कोणाकडे जाता?" बाईने विचारले.

"बहिणीकडे. लई वर्षांनी."

"अन् अशा हात हालवत?" तिने कपाळावर हात मारला, पाटीतली वांगी उचलली आणि अक्कांच्या पदरात घातली. "कवळे हायत. भरून करजो म्हणा." टेम्पो वळला. नाव विचारायचे राहूनच गेले.

कमलने दार उघडले. पाठ केलेले वाक्य अक्कांच्या तोंडून निघेना. त्या पदर पुढे करून एवढेच म्हणाल्या, "वांगे हायत. कवळे हायत."

कमलने पदराकडे पाहिले, मग बहिणीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे. "बिमार माणसानं वझं उचलावं काय? आन इकडे. वहिनी, तुम्ही तरी सांगायचं न हिले!"

स्वयंपाकघरात पाट मांडला गेला. पाणी पिऊन झाल्यावर अक्का म्हणाल्या, "मी तुले चोर म्हटलं, कमल. तू चोर नव्हती. मले माफ कर."

कमल शेगडीकडे तोंड करून उभी होती. "मी बी तं वापस नाई देल्ली. तू मांगायले येशीन तं देईन, असं म्हणत बसली. अन् तू आलीच नाई." पदराने डोळे पुसून ती बाहेर पडली, मंडळीतून चादर घेऊन आली आणि अक्कांच्या मांडीवर ठेवली. अक्कांनी आईच्या टाक्यांवरून बोटे फिरविली, घडी घातली आणि परत दिली. "राहू दे इथंच. हे बी मेज त्याचंच हाय."

कमल आमच्याबरोबरच वर्ध्याला आली. रविवारी ताट आले तेव्हा अक्कांनी ते दोन्ही हातांनी घेतले, क्षणभर पाहिले आणि भाकरीचा तुकडा उचलला. मग ताट शेजारी बसलेल्या कमलकडे दिले.

बस बंद पडणे ही आमच्या भागात नवलाची गोष्ट नव्हे, आणि भाजीचे टेम्पो त्या रस्त्याने रोज जातात. मी त्यावरून काही सिद्ध करू पाहत नाही. मला एवढेच उमगले, की अक्कांची पवित्रता त्यांच्या निर्दोषपणात नव्हती. स्वतःच्या एका शब्दाला त्यांनी कधी सूट दिली नाही, यात ती होती. कृपा आणि तयारी यांत मला दिसणारा विरोधही त्या रस्त्यावर मिटला. आपण दाराबाहेर पाऊल टाकावे. तिथे पोहोचल्यावर हातात काय असावे, हे प्रभू ठरवितो.

सोमवारी सकाळी अक्कांना नेण्यासाठी परिचारिका आल्या. मी एक दीर्घ प्रार्थना मनात रचून ठेवली होती. त्यांचा हात धरून पहिलेच वाक्य उच्चारले, तोच अक्कांनी दुसऱ्या हाताने माझे मनगट धरले.

"बस झालं, मास्तरीणबाई. आता त्याले करू दे."

मी हात सोडला. शस्त्रक्रिया नीट पार पडली आणि अक्का आज अंगणात हिंडतात, याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. परंतु माझी कृतज्ञता त्या बातमीपासून सुरू होत नाही. बातमी येण्यापूर्वी, शस्त्रक्रियागृहाच्या मिटलेल्या दारासमोरच्या बाकावर, एकही वाक्य न जुळविता मी प्रभूपुढे बसले होते, आणि मला भय वाटत नव्हते.