दोन नंबरची ताटली

जळगावात आमच्या शेजारी राहणारे भाऊ केळीवर संशोधन करायचे. पाऊस येईल का, असं विचारलं तरी म्हणायचे, "नोंदी बघून सांगतो." बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या भरिताबद्दल मात्र नोंदी लागत नसत. "हिच्या हाताला तोड नाही!"

एका हिवाळ्यात गल्लीतल्या आम्ही बायकांनी त्यांना पेचात टाकलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, वहिनी धरून चौघींनी आपापलं भरीत केलं आणि कोणाचं कुठलं ते न सांगता चार ताटल्या पुढे ठेवल्या. भाऊंनी प्रत्येक ताटली तीनतीनदा चाखली, खिशातल्या वहीत काहीतरी टिपलं आणि जाहीर केलं, "वांगी सारखी भाजलेली नाहीत. प्रयोग रद्द!" मग वहिनींची ताटली विचारून घेतली आणि पुसून खाल्ली.

यंदा भाऊ गेले. परवा वहिनींनी मला ती वही दाखवली. त्या दिवसाची नोंद होती: "ताटली दोन सर्वांत सरस. आपली नव्हे. घरी बोलू नये."

दोन नंबरची ताटली माझी होती. मी ओशाळले.

"अगं, मी तेव्हाच वाचलं होतं," वहिनी हसत म्हणाल्या. "तेव्हापासून तुझ्यासारख्याच मिरच्याही भाजून घालत होते. एवढे शास्त्रज्ञ, पण ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."