साडूंची प्लॅस्टिकची पेशी

ब्रह्मदेवाने आपलं काम अर्धवट टाकलंय आणि ते पूर्ण करायची जबाबदारी आपल्यावर येऊन पडलीय, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिलाय आणि दुर्दैवाने ते माझे साडू आहेत. मुलुंडला राहतात आणि प्रयोगशाळेत कृत्रिम पेशी बनवतात. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी एक पिशवी. भिंत प्लॅस्टिकच्या नात्यातल्या कसल्याशा पदार्थाची, पण त्या भिंतीत बसवलेलं दार मात्र खऱ्या प्रोटीनचं. रक्तातली साखर वाढली की दार उघडावं आणि आतलं इन्सुलिन बाहेर यावं, एवढीच त्यांची इच्छा. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीला रोज चार वेळा सुई टोचून घ्यावी लागते. कारण इतकं खरं आहे की त्यांच्यावर धड चिडताही येत नाही, आणि म्हणूनच मी जास्त चिडतो.

कारण हा गृहस्थ कुठूनही पेशीवरच येतो. एका बारशाला पाळण्यातल्या बाळाकडे बघून म्हणाले, "छान आहे, पण गळतं फार." साबुदाण्याची खिचडी त्यांच्यापुढे ठेवायची सोय नाही. एकेक दाणा चमच्याने दाबून भिंतीचा लवचीकपणा तपासतात आणि शेवटी खिचडीचा गोळा होतो. सोसायटीच्या सभेत पाणीगळतीचा विषय निघाला, तर हे उठून म्हणाले, "भिंत घट्ट असणं सोपं असतं हो. वेळ बघून गळणं अवघड!" पुढच्या सभेची नोटीस त्यांना कुणी दिली नाही.

गेल्या मे महिन्यात प्रयोगशाळेतला फ्रीज बंद पडला. चार महिने खपून बनवलेलं दारांचं प्रोटीन नळ्यांत भरून, त्या नळ्या थर्माकोलच्या डब्यात घालून साडू आमच्याकडे वर्सोव्याला थडकले. दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार होते आणि प्रयोग फसला तर काम कायमचं बंद होणार होतं. आमच्या फ्रीजवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून मी त्यांना कोळीवाड्यात आमच्या नेहमीच्या मासळीवाल्या मावशींकडे बर्फासाठी नेलं.

मावशींनी डब्यात डोकावून विचारलं, "मासळी कुठंय रे?"

"मासळी नाही मावशी, प्रोटीन आहे," साडू म्हणाले.

"मग मासळीत दुसरं काय असतं?"

साडूंनी खडेमीठ मागितलं. मिठाने बर्फ आणखी गार होतो म्हणे. मावशी ओरडल्या, "मीठ नको टाकू! गोठली की वाट लागते तिची. नुसता बर्फ बस झाला." यावर साडूंनी त्यांना दहा मिनिटं रसायनशास्त्र शिकवलं आणि दोन मुठी मीठ टाकलं. प्रोटीन गोठवू नये हे त्यांच्याच वहीत लाल शाईने लिहिलेलं होतं, पण घाबरलेला विद्वान स्वतःची वही वाचत नाही.

सकाळी नळ्या दगड झाल्या होत्या. परीक्षकांसमोर एकही दार उघडलं नाही आणि काम बंद झालं.

रविवारी मी मुद्दाम मुलुंडला गेलो. चांगले चार-पाच टोमणे तयार ठेवले होते. जेवणाआधी मुलीने सुई काढली. अशा वेळी साडू एरवी गॅलरीत जाऊन उभे राहतात, इतक्या वर्षांत त्यांनी ते एकदाही पाहिलेलं नाही, असं मेव्हणीने मला हळूच सांगितलं. त्या दिवशी मात्र ते तिच्या शेजारी बसून राहिले.

"दुखतं का गं?"

"सवय झालीय. तू टेन्शन घेऊ नको ना, बाबा."

जेवताना त्यांनी पानातली साबुदाण्याची खिचडी एकही दाणा न दाबता संपवली. माझे टोमणे माझ्यापाशीच राहिले. त्यांनी पुन्हा एकदा पेशीवर यावं आणि आमचं सगळ्यांचं डोकं खावं, असं मला फार वाटत होतं.